स्टिअरिंग ढिलं, पण नेमकं कुठे?

मोकळा, सरळ रस्ता. चालक मात्र सारखा स्टिअरिंग डावी-उजवीकडे करत गाडी आवरतोय. अशी पिकअप गॅरेजात आली की निकाल तयार असतो : “बॉक्स गेला.” मंडळी, हा स्टिअरिंग बॉक्स पुष्कळदा निर्दोष असतो.

अमेरिकेतली डॉज रॅम घ्या. 1994 साली आलेल्या पिढीच्या फोर-बाय-फोर गाड्यांना पुढे अखंड ॲक्सल होता. काहींत त्यावर कमिन्सचं 5.9 लिटरचं, जवळपास 500 किलोचं डिझेल इंजिन. ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून चासीपासून त्याच्यापर्यंत एक दांडा असे, ट्रॅक बार. त्याच्या चासीकडच्या टोकाचा बॉल जॉइंट लवकर झिजायचा. मग स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळायच्या आधी अख्खा ॲक्सलच बाजूला सरके. नवा बॉक्स बसवूनही गाडी भटकायची ती भटकायचीच. अनेक मालकांनी शेवटी पुढच्या पिढीतल्यासारखा, दोन्ही टोकांना बुश असलेला बार बसवून घेतला.

हा दोष जॅकवर सहज लपतो, कारण सांध्यांवर भारच नसतो. गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओट लावलेले, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने फिरत्या पट्ट्यांपासून हात लांब ठेवून खाली बघायचं. बॉक्सचा पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड, ट्रॅक बार या क्रमाने नजर न्यायची. एक भाग हलला आणि त्याला जोडलेला पुढचा उशिरा हलला, तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, त्या दोघांमधल्या सांध्यात. बॉक्सच चासीवर हलत असेल तर बोल्ट तरी ढिले किंवा चासीला तडा.

जॅक लागतो तो नंतर. चाक बारा-सहावर धरून हलवा. खडखडलं तर ब्रेक दाबायला सांगा : प्ले गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. नऊ-तीनवर जाणवला तर संशय टाय रॉड एंडवर.

एवढं करायचं सोडून पाना जातो तो बॉक्सवरच्या ॲडजस्टिंग स्क्रूकडे. तो प्रमाणाबाहेर आवळला की मध्यभागी गिअर अडकतात, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परतत नाही आणि चालकाला दुप्पट सावरावं लागतं. म्हणजे ढिलेपणा गेला, भटकणं वाढलं!

काही गाड्यांत प्ले नसतोच, तरी त्या भटकतात. टायरची हवा, कमी झालेला कॅस्टर, बाहेर फाकलेला टो, मागच्या पाट्यांचे ढिले यू-बोल्ट, ही त्यांची कारणं. मागे माल लादून पुढची चाकं हलकी झाली, तरी हाच अनुभव. उंच करून घेतलेल्या पिकअपमध्ये ॲक्सल फिरून कॅस्टर घटतो, तेव्हा आधी अलाइनमेंटचा कागद मागावा. टाय रॉड एंड बदलला असेल तर टो पुन्हा बसवल्याशिवाय ट्रायलला निघूच नये. नव्या सांध्याने त्याचं माप हललेलं असतं.