तारेच्या रंगावर जाऊ नका



गणपती जवळ आले की उरण तालुक्यात घरोघरी रंगरंगोटी निघते. भिंतींना नवा रंग लागला की जुने बोर्ड डोळ्यांत खुपायला लागतात, आणि काळी गोल बटणे काढून पांढरी चपटी बसवायचे ठरते. काम लहान दिसते. दोन स्क्रू, दोन वायरी. म्हणून घरातलाच कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढतो. मला आज बोलायचे आहे ते त्या दोन वायरींबद्दल.

लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थिंग, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. आपल्याकडचा संकेत तोच आहे. घोटाळा होतो तो पुढे. बोर्डात लाल-काळी जोडी दिसली की काळीला न्यूट्रल समजून माणूस निर्धास्त होतो. पण दिव्याच्या साध्या बटणात न्यूट्रल येतच नाही; ती थेट दिव्याच्या होल्डरला जाते. बटणात येते ती फेज, आणि बटण चालू केल्यावर तिथून दिव्याकडे जाते तीही फेजच. जुन्या पट्टी वायरिंगमध्ये छतावरून बटणापर्यंत लाल-काळी जोडतार उतरवत, त्यामुळे ही परतीची तार काळी असायची. बटण चालू असताना तिच्यात पूर्ण 230 व्होल्ट असतात. त्याच बोर्डावर प्लग असेल, तर प्लगची खरी न्यूट्रलही काळीच. दोन काळ्या तारा शेजारी शेजारी, एक निरुपद्रवी आणि एक जीवघेणी, आणि दिसायला काही फरक नाही.

आता मोऱ्याच्या किंवा करंजाच्या एखाद्या कौलारू घरातला बोर्ड उघडा. मेन बंद करूनच. लाकडी गोल ब्लॉकमागे सुती वेष्टणाच्या रबरी तारा असतात. धुराने, धुळीने सगळ्यांचा रंग एकच झालेला असतो, तपकिरी काळा. कोरड्या फडक्याने ब्लॉकच्या आतला भाग हलकेच पुसला, तर जिथे उजेड पोचला नाही तिथे मूळचा लाल धागा कधी कधी दिसतो. पण तार वाकवू नका. पन्नास-साठ वर्षांचे रबर बिस्किटासारखे तुटते आणि आतले तांबे उघडे पडते. हे तांबे पांढरे दिसले तर ते ॲल्युमिनियम आहे असे लगेच समजू नका. रबरातल्या गंधकाने तांबे खराब होऊ नये म्हणून त्यावर कथलाचा मुलामा देत असत. खरोखरची ॲल्युमिनियमची तारही जुन्या घरांत सापडते. ती स्क्रूखाली सैल होते आणि दोनदा वाकवली की मोडते. शिवाय आपल्याकडे खाडीची आणि मिठागरांची खारी हवा. स्क्रूवर हिरवट पूड साचते, जोड तापतो, आणि तापलेल्या जोडाजवळचे वेष्टण काळे पडते. मग लाल तारही टोकाला काळीच दिसते.

त्यात घराची दुरुस्ती एकदाच झालेली नसते. पुढची खोली नंतर वाढवली, वरचा मजला आणखी नंतर चढला. त्या वेळी लाल तार संपली म्हणून कोणी हिरवी ओढली असेल, तर अर्थिंगच्या रंगात फेज धावत असते. रंग हा अखेर माणसाने पाळायचा करार आहे. तो देशोदेशी वेगळा आहे, आणि काळाप्रमाणे बदलतोही. अमेरिकेत काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. जर्मनीतल्या जुन्या घरांत तर लाल तार अर्थिंगची असे. ब्रिटनने घरातल्या पक्क्या वायरिंगचे लाल-काळे रंग सोडून तपकिरी-निळे घेतले ते 2004 पासून. आपल्याकडे उपकरणाच्या दोरीत निळी म्हणजे न्यूट्रल, पण तीन फेजच्या कनेक्शनमध्ये निळी ही एक फेज. परदेशाहून आणलेल्या वस्तूची दोरी बदलताना हे विसरू नका.

मग ओळखायचे कसे? तपासून. आधी मेन बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन बंद झाला तरी इन्व्हर्टर त्याच तारांना वीज देत राहतो. जुन्या घरांत चिनी मातीचे किटकॅट फ्यूज फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर बसवलेले असत. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, आणि तारांतली वीज मात्र तशीच राहते. टेस्टर आधी शेजाऱ्याकडच्या चालू प्लगवर लावून पाहा, मग आपल्या बोर्डावर, मग पुन्हा त्याच चालू प्लगवर. भर उन्हात टेस्टरचा दिवा दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या. टेस्टर लागला नाही म्हणजे वीज नाही, असे धरून चालू नका.

तारा सोडण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि प्रत्येक तारेला चिकटपट्टीची खूण करा. एका स्क्रूखाली दोन तारा असतील, तर त्यातली एक पुढच्या बटणाला फेज देत असते. त्या दोन्ही तशाच एकत्र ठेवा. जिन्याच्या दिव्याच्या बटणात तीन तारा असतात. तिथे खूण केल्याशिवाय हात लावूच नका.

घारापुरी आपल्याच तालुक्यात. राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर या तिन्ही वस्त्यांना समुद्राखालच्या केबलने वीज मिळाली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चाले. जनरेटरच्या काळातली वायरिंग ज्या घरात अजून असेल, तिथे बटण बदलण्याआधी सगळी तपासणी करून घ्यावी.

रबर तुटत असेल, तार मोडत असेल किंवा टेस्टर दोन्ही तारांवर लागत असेल, तर तिथेच थांबा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. वीज गळली की पुरवठा तोडणारा 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी मेनजवळ त्याच्याकडूनच बसवून घ्या. आणि बटणातून दिव्याकडे जाणारी तार काळी असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळायला त्याला सांगा.