एक दिवस चिंचवडगावाला

(१६ ऑक्टोबर २०२४ रोजी कोजागिरीच्या कार्यक्रमात गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलणं जसं झालं तसंच ठेवलं आहे. मध्येमध्ये आलेल्या सूचना तेवढ्या गाळल्या आहेत.)

अध्यक्ष महोदय, कमिटीचे सर्व सभासद, आणि दूध कधी मिळणार म्हणून पातेल्याकडे बघत बसलेल्या सगळ्यांना नमस्कार. दूध अजून आटायचंय, तोवर बाईंना बोलू द्या असं सेक्रेटरींनी ठरवलेलं दिसतंय. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे बोलायला लावलं की थांबवणं अवघड जातं, ही जबाबदारी त्यांची.

विषय आहे आपल्या रौप्यमहोत्सवी वर्षाची एक दिवसाची सहल. सहल समितीत आम्ही पाच जण आहोत. पाच जणांनी सात ठिकाणं सुचवली. आळंदी, देहू, कर्जत, बदलापूर, तुळापूर, आणि एकाने तर एकवीरा. घरातून कार्ल्याचे डोंगर दिसतात, तिथे सहल कसली न्यायची! शेवटी चिंचवडगाव ठरलं. ठरल्याबरोबर जिन्यात एक प्रतिक्रिया ऐकली, "चिंचवडला काय बघायचंय? तिथे आमचे जावई राहतात." बरोबर आहे. आपल्यातल्या निम्म्या घरांची मुलं, जावई, सुना पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरी करतात. आपण तिथे जातो ते बारशाला, दवाखान्यात, नाहीतर फ्लॅटच्या वास्तुशांतीला. पण जुनं गाव, नदीकाठ, वाडा, घाट हे किती जणांनी नीट पाहिलंय? मी स्वतः पाहिलेलं नव्हतं. मागच्या महिन्यात समितीतल्या आम्ही दोघी पाहणी करून आलो, तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आधी रस्ता सांगते. बस करायची नाही, लोकलने जायचं. लोणावळा-पुणे लोकल १९७८ सालापासून आहे आणि आपल्यातले कित्येक जण तिच्यावरच निवृत्त झाले. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड, आकुर्डी, आणि दहावं चिंचवड. साधारण तासाभराचा प्रवास. स्टेशनवरून गावात दोन किलोमीटरच्या आसपास, तिथे रिक्षा. बसवाल्यांची बाजू मांडणारेही समितीत होते. दारातून बसायचं, दारात उतरायचं. पण शनिवार-रविवारी आपल्या कुसगावातून हायवेला लागायचं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. बाहेरचे लोक लोणावळ्यात घुसत असताना आपण बाहेर पडायचं म्हणजे उलट्या पुरात पोहणं.

म्हणूनच रविवार नको. शिवाय आपल्याकडे कुणाचं चिक्कीचं दुकान आहे, कुणी बंगल्यांची देखभाल करतं, कुणाची रिक्षा आहे. त्यांची कमाई त्या दोन दिवसांतच होते. आतापर्यंतच्या सगळ्या सहली रविवारी झाल्या आणि हे लोक कधीच आले नाहीत, आणि आपण म्हणत राहिलो की यांना सोसायटीत रस नाही. तर यंदा बुधवार. नोकरीवाल्यांना एक रजा टाकावी लागेल. पंचवीस वर्षांत एकदा टाका.

तारीख काढताना बराच खल झाला. पावसाळ्यात नाहीच. पवना धरणातून पाणी सोडलं की मोरया गोसावींचं समाधी मंदिर पाण्याखाली जातं, यंदा जुलैमध्येही गेलं होतं. मार्गशीर्षात वद्य षष्ठीला समाधीचा महोत्सव असतो, तेव्हा गर्दी फार. धावपळीत म्हाताऱ्या माणसांचे हाल. मंगळवार, संकष्टी टाळायच्या. आणि माघी चतुर्थीला मंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून मोरगावला जाते, तशीच भाद्रपदातही जाते. म्हणजे त्या दिवसांत आपण वाड्यावर पोचायचं आणि देवच गावाला गेलेले! मग संक्रांत झाल्यावर आणि माघ लागायच्या आत असा दिवस शोधला. बुधवार, २२ जानेवारी.

तिथे काय आहे ते थोडक्यात. मोरया गोसावी मोरगावच्या मयूरेश्वराचे भक्त. चिंचवडला पवनेच्या काठी त्यांनी समाधी घेतली. आपण 'गणपती बाप्पा मोरया' म्हणतो त्यातला मोरया म्हणजे हेच, असं मानलं जातं. सगळं जग ज्यांचं नाव दरवर्षी दहा दिवस घेतं ते आपल्यापासून तासाभरावर आहेत, आणि आपल्यातल्या मुलांना ते माहीत नाही. मोरगाव, थेऊर, सिद्धटेक या अष्टविनायकांतल्या तीन ठिकाणांचा कारभार आजही चिंचवड देवस्थानकडे आहे. मंगलमूर्ती वाडा वेगळा आणि समाधी मंदिर वेगळं, दोन्हींत थोडं अंतर आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'मंदिर' म्हणू नका, 'समाधी मंदिर, घाटावर' असं सांगा.

दुसरं ठिकाण चापेकर वाडा. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात घराघरांत शिरून जो जुलूम झाला, त्याबद्दल २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. दामोदरपंतांना एप्रिल १८९८ मध्ये फाशी झाली, धाकट्या दोघांना मे १८९९ मध्ये. एका घरातले तीन भाऊ, तेरा महिन्यांच्या आत. मी हा धडा वर्गात किती वेळा शिकवला असेन, पण वाड्याच्या दारात उभं राहिल्यावर वाटलं की आपण तारखा शिकवल्या, घर शिकवलंच नाही. मुलांना तिथे घाई करू नका.

आणि नदी. पवना आपल्या मागच्याच डोंगरातली. लोहगड-विसापूरच्या अलीकडे इंद्रायणीचं खोरं, पलीकडे पवनेचं. वळवणच्या धरणातलं पाणी खाली खोपोलीला वीज करून कोकणात उतरतं, पण पवनेचं पाणी धरणातून सोडलं की नदीनं वाहत रावेतच्या बंधाऱ्यावर जातं आणि तिथून आपल्या जावयांच्या नळाला येतं. या पाण्यावरून मावळात काय झालं ते इथल्या प्रत्येकाला आठवतंय. ९ ऑगस्ट २०११, बंद जलवाहिनीच्या विरोधातलं आंदोलन, बऊरजवळ एक्सप्रेसवेवर गोळीबार, तीन शेतकऱ्यांचा मृत्यू. सहलीच्या भाषणात हे कशाला, असं कुणाला वाटेल. पण घाटावर उभं राहून नातवाने विचारलं की आजी हे पाणी कुठून येतं, तर एवढं तरी सांगता यावं.

आता मूळ मुद्द्यावर येते. मघापासून तो टाळत होते.

२०१४ साली, सोसायटीला पंधरा वर्षं झाली म्हणून आपण बसने आळंदी-देहूला गेलो होतो. प्रमुख मीच होते. आळंदीला जेवणं झाली, सगळे बसमध्ये चढले. मी पुढे उभी राहून विचारलं, "सगळे आले का?" मागून आवाज आला, "आले, आले." बस निघाली. देहूला उतरलो तेव्हा तळमजल्यावरचे अण्णा नव्हते. काकू पुढे बायकांत बसलेल्या, त्यांना वाटलं अण्णा मागे पुरुषांत आहेत. पुरुषांना वाटलं ते काकूंजवळ आहेत. अण्णांकडे मोबाईल नव्हता. चार माणसं रिक्षा करून उलटी आळंदीला गेली, त्यात मीही होते. अण्णा घाटाच्या पायरीवर बसलेले सापडले. ते स्वच्छतागृहाच्या रांगेत होते. त्यांना वारंवार जावं लागायचं आणि ते कुणाला सांगायची लाज वाटायची. म्हणून न सांगता गेले.

ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, शाळेत तुम्ही हजेरी घेत होतात ना?"

चौतीस वर्षांत शाळेच्या सहलीत माझं एक मूल कधी मागे राहिलं नाही. कारण तिथे मी मोजत होते. इथे मोठी माणसं, त्यांना काय मोजायचं, असं वाटलं. त्यानंतर अण्णा कुठल्याच सहलीला आले नाहीत. २०२१ साली ते गेले. त्यांची माफी मी त्या दिवशी रिक्षात मागितली, पण ती घाईतली होती. चारचौघांत मागायची राहून गेली होती, ती आज मागते.

म्हणून यंदाची सहल मी उलट्या बाजूने आखली आहे. पाहणीला गेलो तेव्हा आम्ही देवळाच्या आधी स्वच्छतागृहं पाहिली. कुठे आहेत, पाणी आहे का, कमोड आहे का, हे कागदावर लिहून काढलंय आणि तो कागद प्रत्येकाला मिळेल. दर टप्प्यावर पंधरा मिनिटं याच कामासाठी राखून ठेवलीत, कुणी लाजायचं नाही, कुणी हसायचं नाही. आठ-आठ जणांचे गट, प्रत्येक गटाला एक प्रमुख. प्रमुखाने 'सगळे आले का' असं विचारायचं नाही. नावं घ्यायची आणि ज्याचं नाव त्यानेच 'हजर' म्हणायचं. दुसऱ्याने दुसऱ्याची हजेरी लावलेली चालणार नाही. प्रत्येकाच्या खिशात गटप्रमुखाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. स्टेशनचे जिने थांबत थांबत चढायचे. लोकल चुकली तर पुढची मिळेल. फक्त दुपारी या मार्गावर गाड्या फार कमी असतात, म्हणून सकाळी आठच्या आतली गाडी धरायची आणि परतीची संध्याकाळची. वेळापत्रक आठवडाभर आधी पुन्हा बघून बोर्डावर लावू.

जेवण घरचं. दशम्या, चटणी, दहीभात, ज्याचं त्याने. वर्गणी माणशी दोनशे, रिक्षा आणि चहापुरती. सोसायटीच्या फंडाला हात लावायचा नाही, ट्रेझररसाहेबांचा चेहरा आत्ताच पडलाय, त्यांनी निश्चिंत व्हावं.

कोण येणार यावर समितीत वाद झाला, तोही सांगून टाकते. आपल्या बेचाळीस फ्लॅटपैकी रात्री दिवा लागतो तो बावीस-तेवीस घरांत. बाकीचे मुंबईकरांचे, सुट्टीचे. उरलेल्यांत सात भाडेकरू. 'सहल सभासदांची आहे' असं एक मत होतं. माझं मत असं की पावसात पंप बंद पडला तेव्हा बादल्या उचलायला जे आले, त्यांत चार भाडेकरू होते. आणि वॉचमनचं कुटुंब बारा वर्षं गेटवर राहतंय, त्यांच्या मुलीने चिंचवड तर सोडाच, तळेगावही पाहिलेलं नाही. मतदान घेतलं, तीन विरुद्ध दोनने सगळ्यांना बोलवायचं ठरलं. त्या दिवशी गेट कोण सांभाळणार हा प्रश्न होता. विरोधात मत देणाऱ्या एका काकांनीच सांगितलं, मी गुडघ्यामुळे येत नाहीये, खुर्ची टाकून बसेन गेटवर. त्यांचं नाव घेऊ नका म्हणालेत, म्हणून घेत नाही. पण ते आत्ता हसतायत.

चिंचवडच का ठरलं, ते शेवटी सांगते. समितीची पहिली बैठक झाली त्या रात्री काकूंनी माझी बेल वाजवली. वय एक्याऐंशी. म्हणाल्या, "चिंचवडला नेत असाल तर मी येईन." त्यांचं माहेर चिंचवडगावातलं, हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. घर कधीच विकलं गेलं. मुलगा गाडीतून नेतो, पण म्हणे गर्दी आहे, पार्किंग नाही, काचेतूनच नमस्कार कर. त्यांना घाटावर उतरायचंय. लहानपणी जिथे धुणं धुतलं, त्या पायऱ्या आहेत का ते बघायचंय. मी विचारलं, "काकू, मागच्या वेळेचं मनात नाही ना?" म्हणाल्या, "आहे की. म्हणून तर तुमच्याच गटात नाव घाला."

नावं दिवाळीच्या आत द्यायची आहेत. वही खाली ऑफिसात ठेवली आहे, नावापुढे वय, औषधं आणि घरच्यांचा फोन नंबर लिहायचा. पहिल्या पानावर पहिलं नाव काकूंचं आहे, दुसऱ्या ओळीपासून जागा मोकळी आहे. दूध झालेलं दिसतंय, बसते मी.