पोलक्यातून बाहेर पडलेला खण

हॉल भाड्याने घेऊन भरवलेली कपड्यांची प्रदर्शनं हिंडणं हा माझा छंद आहे. घरचे त्याला व्यसन म्हणतात. कर्वे रस्त्यावरचा सोनल हॉल असो किंवा कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भरणारी भीमथडी जत्रा, माझी एक फेरी होतेच. दर वेळी खरेदी होते असं नाही. पण पुण्याची स्वतःची म्हणावी अशी फॅशन बघायची असेल, तर ती मॉलमध्ये नाही, या एका टेबलाच्या स्टॉलवर आहे, असं माझं ठाम मत आहे.

टेबलामागची बाई बहुधा स्वतःच मालक, स्वतःच डिझायनर आणि गाठोडी उचलायची वेळ आली की स्वतःच हमाल. घरातल्या एका खोलीत दोन मशीनं, कापड बेतायला एक मास्तर, काज-बटणाला शेजारच्या दोघी. एका नमुन्याचे आठ-दहा नग निघतात. संपले की संपले.

या मंडळींनी केलेली सगळ्यात मोठी करामत म्हणजे खण. आपल्याकडे खण म्हणजे ओटीत नारळाबरोबर पडणारं पोलक्याचं कापड. त्याचं गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड. इरकली लुगड्याचं इलकलही त्याच जिल्ह्यातलं. पिढ्यान् पिढ्या हा खण आपल्या पेठांमधल्या दुकानांत येत राहिला आणि मग आजीबरोबरच मागे पडला. तो पुन्हा वर आला तो कुर्ता, जॅकेट, परकर-ड्रेस आणि पिशव्या होऊन. २०२० साली तर त्याचे मास्कही निघाले!

पण हे दिसतं तितकं सोपं नाही. हातमागावरच्या खणाचा पन्हा अरुंद, पोलक्याच्या मापाचा. पोलकं बेतताना काठ बरोबर बाहीवर येतो. कुर्ता बेतायचा तर जोड द्यावा लागतो. तो कुठे लपवायचा, काठ कुठे जिरवायचा, बारीक बुट्टी दोन्ही बाजूंना कशी जुळवायची, यात मास्तरचा हात दिसतो. मी कुर्ता आधी उलटा करून आतली शिवण बघते. स्टॉलवाल्यांना ते फारसं आवडत नाही.

यंत्रमागाने पन्ह्याची अडचण सोडवली. मोठ्या पन्ह्याचं, पॉलिस्टर मिसळलेलं खणाचं कापड आता मीटरवर मिळतं. नातीच्या वाढत्या अंगाचा फ्रॉक त्यात खुशाल शिवावा. माझी तक्रार एवढीच, की दोन्ही कापडं एकाच पाटीखाली मांडली जातात. केंद्र सरकारने हातमागासाठी ‘हँडलूम मार्क’ ही खूण २००६ सालीच आणली; पण कापड कापून शिवल्यावर ती खूण कुठे शोधणार? शंका आली तर मी एक सुटा धागा मागून आणते आणि घरी जाळून बघते. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टरची वितळून टणक गोळी होते. (स्टॉलवर काडी ओढायची नाही, हे सांगायला नकोच.)

आणि मग येतो भावाचा प्रश्न. ‘तुळशीबागेत निम्म्यात मिळतो’ हे वाक्य प्रत्येक स्टॉलवर तासाला एकदा तरी ऐकू येतं. ओळखीच्या एका स्टॉलवालीने मला तिथेच पावतीच्या पाठीमागे हिशेब मांडून दाखवला. कापड, अस्तर, शिलाई, हॉलचं भाडं. म्हणाली, ‘‘ताई, भाव पाडला म्हणून कापडवाला कमी घेत नाही, हॉलवाला कमी घेत नाही. कमी करायला उरतो तो मास्तर. आणि तो गेला तर मी काय विकू?’’

तिचे मास्तर साठी ओलांडलेले आहेत. बुट्टीला बुट्टी जुळवणारा दुसरा माणूस तिला अजून सापडलेला नाही. मास्तरांचा मुलगा मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोचवतो. त्यात रोजचे पैसे रोज हातात पडतात, त्याचं काय चुकलं? तिच्या दोन कारागीर मुली शिकताहेत. सरळ शिलाई उत्तम मारतात, पण खणाला कात्री लावायला अजून धजत नाहीत.

मास्तरांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय. त्यामुळे पुढच्या प्रदर्शनाला जॅकेटं थोडीच असतील, असा तिचा फोन आला होता. या वेळी मी पहिल्याच दिवशी, दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहणार आहे.