आईकडेच बोट का?

मैत्रिणींनो, जून २०१९ मध्ये आपल्या भिवंडीत १५ वर्षांच्या मुलाने थोरल्या भावाचा जीव घेतला. भाऊ पबजी खेळण्यावरून रागावला, एवढेच निमित्त. अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला: आई काय करत होती?

सिनेमाला १९५२ च्या कायद्याने प्रमाणपत्र लागते, थिएटरच्या दारात अडवायला माणूस असतो. मोबाइलवरच्या खेळापुढे वयाचा नुसता आकडा. अडवणारे कोणी नाही. २०२० मध्ये पबजीवर बंदी आली ती देशाच्या सुरक्षेसाठी, मुलांसाठी नव्हे. २०२१ मध्ये खेळ नव्या नावाने परतला.

नारपोलीत बाई दिवसभर कामावर, घरात फोन एकच. लक्ष आपण ठेवूच, बापानेही ठेवावे. पण नफा कमावणाऱ्या कंपनीला आणि सरकारला जाब कोण विचारणार? आपणच विचारू.