विश्रांतीचा हिशेब
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले निवेदन)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमची नजर प्रथम आकड्यांकडे जाते. फिजिओथेरपी विभागाची पाहणी करताना आम्हांला काही रुग्ण बाकावर नुसतेच बसलेले दिसले. बाहेर मात्र रांग होती. हा वेळेचा अपव्यय आहे असे समजून आम्ही प्रत्येक रुग्णाची वेळ कमी केली. नोंदवहीत रुग्णसंख्या वाढली. पुढे एके दिवशी, खुब्याच्या शस्त्रक्रियेतून उठलेल्या एका आजींना पायांचे व्यायाम संपताच चालण्यास उभे केले, तेव्हा दोन पावलांतच त्यांचे पाय लटपटले. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सावरले, म्हणून अनर्थ टळला. त्यानंतर ताईंनी आम्हांला जे समजावून दिले, ते आपणांसमोर ठेवीत आहोत.

स्नायूने नुकतेच काम केले असता त्याच्या खात्यावर जमा आणि खर्च अशा दोन्ही नोंदी एकाच वेळी होतात. जमेची बाजू अशी की, स्नायू तापतो. त्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढल्यास झटपट, जोरकस हालचालींत साधारण २ ते ५ टक्के सुधारणा आढळते. शिवाय जोरदार आकुंचनानंतर मायोसिन या प्रथिनात असा बदल होतो की, स्नायूतंतू कॅल्शियमला अधिक तत्परतेने प्रतिसाद देतात. हा दुसरा लाभ अल्पकाळच टिकतो. खर्चाची बाजू थकव्याची. व्यायाम थांबताक्षणी बहुधा थकवाच वरचढ असतो. थोड्या विश्रांतीने तो ओसरला, की शिल्लक हाती लागते.

ही शिल्लक किती, हे व्यायामाचा जोर, त्याच्या फेऱ्या, मधली विश्रांती आणि मुळातील ताकद यांवर ठरते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, अधिक बलवान व्यक्तींना ५ ते ७ मिनिटांच्या, तर तुलनेने कमी ताकदीच्या व्यक्तींना किमान ८ मिनिटांच्या विश्रांतीनंतर अधिक लाभ दिसून आला. हे आकडे जोरकस व्यायामाच्या प्रयोगांतील आहेत. ते आजारी माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. परंतु एक बोध आम्ही घेतला : सर्वांना एकच घड्याळ लावणे चूक आहे. अंथरुणाला खिळून राहिल्याने ज्याचे स्नायू क्षीण झाले, त्याची विश्रांती त्याचा श्वास, नाडी व पायांचा कंप पाहून तज्ज्ञानेच ठरवावयाची असते.

आम्ही आमचा निर्णय मागे घेतला आहे. आता नातेवाइकांना विनंती, की “अजून दहा वेळा करा” असा आग्रह रुग्णाला धरू नये. तो बसला असेल तर तेही उपचाराचेच अंग आहे. विश्वस्तांनी विभागाचे मोल केवळ रुग्णसंख्येवरून करू नये. देणगीदारांनी आजवर यंत्रे दिली, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. यंदा मात्र आणखी एका फिजिओथेरपिस्टचे वेतन आणि हात असलेल्या मजबूत खुर्च्या यांसाठी साहाय्य मागतो. रांगही कमी व्हावी आणि विश्रांतीही राहावी, याला दुसरा मार्ग नाही.

त्या आजी घरी निघाल्या तेव्हा वॉकर घेऊन फाटकापर्यंत चालत गेल्या. वाटेत दोनदा बसल्या. त्यांना घाई करण्याचे धाडस आम्हांला झाले नाही.