सुताराच्या हत्यारांसाठी ग्राइंडर



गोंदिया जिल्ह्यात, देवरी-सालेकसापासून नवेगावबांधपर्यंतच्या अरण्यप्रदेशात,
ज्या सागवानावर आमचे सुतार पिढ्यान्‌पिढ्या हात चालवीत आले,
त्या सागवानाच्या अंगी वाळूच्याच जातीचे सूक्ष्म कण असतात;
रंध्याचे पाते आणि पटाशी त्यावर लवकर बोथटतात, ते यामुळेच.

मग विजेचा ग्राइंडर घ्यावासा वाटतो.
बाजारातला सर्वसाधारण ग्राइंडर मिनिटाला सुमारे 2800 फेरे घेतो.
लोखंडकामास तो ठीक.
पटाशीस मात्र घातक.
घर्षणाने तापून पोलादाची कड निळी पडली,
की पात्याचे पाणी उतरले, असे खुशाल समजावे.

म्हणून याच्या निम्म्या गतीचा ग्राइंडर मागावा.
दुकानदार कुरकुरेल, थोडी जादा रक्कमही पडेल, पडू द्यावी.
वीज बेभरवशाची असेल, तर हाताने फिरवायचे चाकही चालेल.
पुन्हा सांगतो: गती कमी हवी.

करड्या चाकाऐवजी पांढरे, ठिसूळ चाक घ्यावे.
त्याचे झिजलेले कण गळतात, नवे उघडे पडतात, पाते कमी तापते.
त्यावर पात्यास आकार द्यावा;
अखेरची धार धारेच्या दगडावरच लावावी.

चाक बसवण्यापूर्वी ते बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकावे.
खणखणीत वाजले, तर शाबूत.
बद्द वाजले, तर तडा आहे;
ते तत्काळ दुकानदाराच्या हवाली करावे.

डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच;
आणि नवे चाक सुरू केल्यावर
पहिले एक मिनिट बाजूस उभे राहावे, समोर नव्हे.