आधी पडदा, मग पान



चित्रपट पाहिला, मग पुस्तक वाचण्याचे प्रयोजन काय, असे हल्लीची मुले विचारतात. त्यांच्यावर रागावण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्हीही त्याच वाटेने गेलो आहोत. रिचर्ड ॲटनबरो यांचा १९८२ सालचा ‘गांधी’ चित्रपट शाळेने आम्हांला रांगेने नेऊन दाखवला. ‘सत्याचे प्रयोग’ हाती घेतले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. सेवाग्रामला राहून इतका उशीर झाला, ही कबुली या व्यासपीठावरून देताना संकोच वाटतो.

वाचू लागलो आणि पहिली अडचण आली ती चेहऱ्याची. पानोपानी बेन किंग्जलीच दिसू लागले. दुसरी अडचण वेगाची. चित्रपट हत्येपासून आणि अंत्ययात्रेपासून निघतो आणि लगेच १८९३ च्या आगगाडीत शिरतो. पुस्तकात ती गाडी दुसऱ्या भागात येते. त्याआधी अंधाराला भिणारा, भावाच्या कड्यातील सोने चोरणारा आणि वडिलांना चिठ्ठी लिहून तसे सांगणारा मुलगा भेटतो. आम्ही मात्र पाने उलटीत गाडीची वाट पाहत होतो!

अखेर पीटरमॅरित्झबर्ग आले. पडद्यावर तो तरुण फलाटावर फेकला जातो आणि आपण मुठी आवळतो. पुस्तकात पुढे एक साधी गोष्ट आहे. कडाक्याची थंडी होती. ओव्हरकोट सामानात होता आणि सामान रेल्वेवाल्यांच्या ताब्यात. पुन्हा अपमान होईल या भीतीने त्यांनी तो मागितला नाही. कुडकुडत बसून राहिले. पडद्याने आम्हांला अन्यायाची चीड दिली होती. या कोटाने भीती दाखवली. भ्यालेला माणूसही मागे न फिरता पुढे जाऊ शकतो, हे तेथे कळले.

तसेच कस्तुरबांचे. त्यांना दाराशी ओढत नेल्याचा प्रसंग चित्रपटात आहे, पण तो लवकर मिटतो. पुस्तकात तो १८९८ सालचा, डर्बनमधला, एका कारकुनाच्या लघवीच्या भांड्यावरून उठलेला आहे. आणि लिहिणारा स्वतःची कोठेही सुटका करून घेत नाही. ते प्रकरण वाचून आम्ही बा-कुटीसमोर गेलो, तेव्हा पाय थबकले.

हे लेखन १९२५ ते १९२९ या काळात ‘नवजीवन’ साप्ताहिकात प्रकरणाप्रकरणाने आले. पहिले वाचक पुढच्या अंकासाठी आठवडाभर थांबत. तीन तासांच्या चित्रपटाला तसे थांबता येत नाही, हा त्याचा दोष नव्हे. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा मराठी अनुवाद आपल्यापाशी आहे. रोज एकच प्रकरण वाचावे. हळूहळू नटाचा चेहरा पुसट होतो आणि माणूस उरतो.

आणखी एक. हे पुस्तक १९२० च्या नागपूर काँग्रेसपाशी थांबते. गांधीजी शेगावी राहायला आले १९३६ साली. गावाचे सेवाग्राम झाले ते त्याहीनंतर. म्हणजे पुस्तक आपल्याला नागपूरपर्यंत पोहोचवते. पुढचे या मातीच्या भिंतींपाशी बसून समजून घ्यायचे आहे.

म्हणून शिक्षकांना एवढीच विनंती. मुलांना चित्रपट अवश्य दाखवा. परत येताना मात्र विचारा, त्या रात्री त्यांचा कोट कोठे होता? उत्तरासाठी त्यांना पुस्तक उघडावेच लागेल.